मैया उजव्या हाताला, घड्याळ डाव्या

*वाचकाचं पत्र:* नमस्कार. मी साताऱ्यात शाहूपुरीत राहते, वय ५३. अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलं, मार्चमध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. येत्या कार्तिकी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून पायी नर्मदा परिक्रमा उचलायची ठरवली आहे. दोन मैत्रिणी सोबत आहेत. सराव म्हणून रोज पहाटे अजिंक्यतारा आणि रविवारी यवतेश्वरचा घाट चालते. बूट झाले, पाठपिशवी झाली, अडलंय ते घड्याळापाशी. वडिलांचं चावीचं एचएमटी आहे, तेच घालून जावं असं मनात येतं. मुलगा पुण्याहून सांगतो, जीपीएसवालं घे, पैसे मी भरतो. राजवाड्याकडच्या एका दुकानात एक चकचकीत घड्याळ दाखवलं, दुकानदार म्हणाला, "ताई, वॉटरप्रूफ हाय, नदीत बुडवा न्हायतर हिरीत." मला चष्म्याशिवाय बारीक आकडे दिसत नाहीत आणि घाम आला की पट्ट्याखाली पुरळ उठतं. पाच हजारांच्या आत टिकेल असं काय घेऊ?
(एक वाचक, सातारा)

ताई, नमस्कार.

दुकानदाराचं वाक्य वाचून हसू आलं. हेच वाक्य मी सांगलीत ऐकलंय आणि ऐकून फसलोय. ती हकीकत पुढे येईलच. आधी वडिलांच्या घड्याळाचं बोलू, कारण पत्रातला खरा पेच तोच वाटतो. बाकीचं दुकानात जाऊन विकत घेता येतं.

एचएमटीची घड्याळं १९६१ पासून बंगळुरूत सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने बनायला लागली आणि २०१६ मध्ये तो कारभार बंद झाला. नवे सुटे भाग आता सहसा मिळत नाहीत. जुन्या घड्याळजींच्या पत्र्याच्या डब्यांत जे उरलंय त्यावरच ही घड्याळं चालली आहेत. तुमच्या घड्याळाच्या डायलवर 'पॅराशॉक' लिहिलं असेल तर आतल्या बॅलन्सच्या चाकाला स्प्रिंगची गादी आहे, लहानसहान धक्के ते सोसेल. धक्क्यापेक्षा मला भीती पाण्याची वाटते. त्या काळच्या साध्या एचएमटीच्या चावीला पाणी अडवणारं रबर नसे. तुम्ही नर्मदामैयात रोज स्नान करणार, दर वेळी घड्याळ उतरवून घाटाच्या पायरीवर ठेवणार, त्यावर टॉवेल टाकणार. चार-पाच महिन्यांत एक दिवस असा उगवतोच की टॉवेल उचलला जातो आणि घड्याळ पायरीवर राहतं. शिवाय घामेजल्या बोटांनी रोज चावी द्यायची म्हणजे ओल आणि धूळ आपणच आत ढकलत राहायचं.

तर ते घरी राहू द्या. पण कपाटात नको. घरी जे कोणी राहणार असेल त्यांच्याकडे रोज सकाळी चावी द्यायचं काम सोपवा. पूर्ण चावी दिली की ते दीड दिवसाच्या आसपास चालतं. एक दिवस विसरला की थांबतं, म्हणजे विसरणाऱ्याची चोरी लगेच पकडली जाते.

आता मुलाचं. त्याला घड्याळाची काळजी नाही, आई कुठे आहे हे कळावं अशी त्याची इच्छा आहे. जीपीएसचं घड्याळ आपण कुठे आहोत ते उपग्रहांवरून ओळखतं, पण ते पुण्याला कळवायचं तर सहसा तुमच्या फोनलाच रेंज लागते. आणि रेंज असेल तर फोन एकटाही ते काम करतो. रेंज नसताना थेट उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं परदेशी गिर्यारोहक वापरताना दिसतात, पण आपल्याकडे ती सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. कुणी भेट म्हणून आणून दिलं तरी घेऊ नका.

दुसरी अडचण चार्जिंगची. उदाहरणार्थ गार्मिन कंपनीचं पहिलं इन्स्टिंक्ट बघा, जीपीएसचं चांगलं दणकट घड्याळ. जीपीएस सतत चालू ठेवलं तर कंपनीच्याच आकड्याप्रमाणे १६ तास, बंद ठेवलं तर १४ दिवस. नवी मॉडेलं जास्त चालतात, महागही आहेत. तुम्ही दिवसाला सात-आठ तास चालणार, म्हणजे एक दिवसाआड चार्जिंग आलं. त्याची वायर खास असते, फोनची चालत नाही. वारीत मी तरडगावला एका शाळेत मुक्कामाला होतो. वर्गात एकच बोर्ड, त्याला कुणीतरी पट्टी लावलेली, त्या पट्टीला दुसरी पट्टी आणि खाली फरशीवर तीसेक मोबाईल तोंड वर करून पडलेले. मध्यरात्री वीज गेली ती पहाटे आम्ही हललो तरी आली नव्हती. परिक्रमेतल्या आश्रमांत आणि धर्मशाळांतही सगळीकडे वीज भरवशाची नसते. तिथला एखादा पॉइंट मिळालाच तर तो फोनला द्यावा. मुलाला सांगा, घड्याळाच्या पैशांत आईला एक बरी पॉवरबँक घेऊन दे आणि रोज संध्याकाळी फोन कर.

होकायंत्र, उंचीमापक असलेली घड्याळंही दुकानात दाखवतील. तुम्हाला होकायंत्राचं काय काम? मैया उजव्या हाताला ठेवून चालायचं, हीच परिक्रमेची दिशा. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने समुद्राकडे निघालात तर तोंड पश्चिमेला आणि नदी उजवीकडे. मुखाशी पलीकडच्या तटावर गेलात की तोंड पूर्वेला आणि नदी पुन्हा उजवीकडेच. ज्याने ही रीत घातली त्याने घड्याळ कंपन्यांचा मोठा तोटा करून ठेवलाय.

उंचीमापकाचं मात्र सह्याद्रीत भटकणाऱ्या इतर वाचकांसाठी सांगतो, कारण त्यावर पैसे घालवून नंतर कुरकुरणारे बरेच भेटतात. ही घड्याळं हवेचा दाब मोजतात आणि त्यावरून उंची काढतात. आपल्या उंचीवर साधारण साडेआठ-नऊ मीटर चढलं की दाब एक मिलिबारने उतरतो. पण पावसाळी हवेत डोंगर न चढताही दाब तीन-चार मिलिबारने खालीवर होतो, म्हणजे तुम्ही तंबूत झोपलेले असता आणि घड्याळ म्हणतं तीस मीटर चढलात. म्हणून ठाऊक असलेल्या उंचीवर ते वरचेवर जुळवून घ्यावं लागतं. आपल्याकडे त्याची फुकट सोय आहे. कुठल्याही रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. साताऱ्याचं स्टेशन माहुलीकडे, गावापासून लांब, तेवढी एक चक्कर होईल. आणि तापमान बघायचं असेल तर घड्याळ मनगटावरून काढून अर्धा तास सावलीत ठेवा. हातात असताना ते अंगाचीच ऊब मोजतं.

काट्यांच्या घड्याळाने दिशा काढायची युक्ती शाळेत शिकवली असेल तुम्ही: तासकाटा सूर्याकडे धरायचा, तो आणि बारा यांच्या मधोमध दक्षिण. ही युक्ती थंड देशांची आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारी तो आपल्या उत्तरेलाच असतो. त्या दिवसांत ही युक्ती वापरून निघालेला माणूस कासऐवजी कुठेही पोचेल. हिवाळ्यात बरी चालते, पण आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या (पूर्वीचं अलाहाबाद) रेखांशावर लावलेलं आहे. साताऱ्यात सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या आगेमागे. तेवढा अर्धा तास वजा धरावा लागतो.

याच अर्ध्या तासाची एक गोष्ट मात्र तुमच्या उपयोगाची आहे. नर्मदेच्या मुखापासून अमरकंटकच्या उगमापर्यंत नऊ अंश रेखांशाचा फरक पडतो, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ३६ मिनिटं. घड्याळ तेच, दिवस मात्र सरकतो. डिसेंबरच्या सुरुवातीला साताऱ्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. त्याच दिवसांत अमरकंटककडे तो सव्वापाच-साडेपाचलाच गेलेला असतो. घरच्या सवयीने "अजून सहा वाजायचेत, पुढचं गाव गाठू" असं म्हणालात तर जंगलात अंधार पडेल. पूर्वेला सरकत जाल तसा मुक्कामाचा गजर थोडा थोडा अलीकडे घ्या. आणि मुखाशी, दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून पलीकडच्या मिठीतलाईला जाणारी होडी भरतीवर सुटते. भरतीची वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे आज जे सकाळी सहाला सुटले त्यांच्या सांगण्यावर उद्या विसंबू नका. तिथे गजर नीट वाजणारं घड्याळ लागेल.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. टिकाऊ म्हटलं की लोक दगडावर आपटून बघायच्या गोष्टी करतात. माझ्या वीसेक वर्षांच्या पायपिटीत आपटून गेलेलं घड्याळ एकही पाहिलं नाही. घड्याळं जातात ती दोन जागी: पट्ट्याच्या पिनेपाशी आणि मागच्या झाकणापाशी.

झाकणाची माझी हकीकत ऐका. पन्हाळ्याहून पावनखिंडीला जायचं होतं, जुलै. निघायच्या दोन दिवस आधी सेल संपत आलाय असं वाटलं, म्हणून एका टपरीवर बदलून घेतला. पाच मिनिटांचं काम. दुकानदार म्हणाला, "घाला बिनधास्त, शंभर मीटरचं हाय." निघालो त्या दिवशी मसाई पठारावर पाऊस असा की पुढच्याची पाठपिशवी दिसेना. दुपारी डबा खायला थांबलो तेव्हा काचेच्या आत, खालच्या कोपऱ्यात, नखाएवढं धुकं दिसलं. बाहेरून पुसलं, जाईना. संध्याकाळी ते काचभर पसरलं आणि आकडे झडायला लागले. आठाची डावी बाजू गेली, त्याचा तीन झाला. मग मधली आडवी रेघ गेली. रात्री मुक्कामाला घड्याळात किती वाजलेत हे सांगायला आम्ही चौघं अंदाज बांधत होतो. घरी येऊन झाकण उघडलं तर त्याखालचा रबरी वॉशर खाचेतून निसटून कडेला चेपलेला आणि त्याला एक केस चिकटलेला. शंभर मीटरची ग्वाही त्या केसाने संपवली होती.

म्हणून माझा पहिला निकष असा: प्रवासात ज्याचं झाकण उघडावंच लागणार नाही असं घड्याळ. कंपनीत बसवलेलं झाकण सहसा दगा देत नाही. पहिल्यांदा उघडल्यानंतरच्या झाकणावर भरवसा ठेवायचा म्हणजे उघडणाऱ्यावर ठेवायचा.

काचेखाली '३० मीटर' लिहिलेलं असतं त्याचा अर्थही सांगून टाकतो, कारण दुकानदारांची 'वॉटरप्रूफ'ची व्याख्या फार उदार असते. कारखान्यात तेवढ्या खोलीचा दाब स्थिर पाण्यात काही काळ लावून बघतात. हात मारून पोहणं, नळाची धार, गरम वाफ, साबण हे सगळं त्या परीक्षेच्या बाहेरचं. ३० मीटर म्हणजे हात धुवा, पावसात भिजा, एवढंच. ५० म्हणजे हलकं पोहणं चालेल. रोज नदीत डुबकी मारायची तर १०० मीटरवालं घ्या आणि पाण्यात असताना बटणं दाबू नका, कारण प्रत्येक बटणाखाली एक छोटं रबर असतं आणि ते दाबताना हलतं. रबरं म्हातारी होतात. दोन-तीन वर्षांनी ती बदलावीत असं कंपन्याच सांगतात. करत कोणी नाही.

या हिशेबाने मी तुमच्यासाठी कॅसिओचं डब्ल्यू-८००एच बघितलं. १०० मीटर, दहा वर्षांचा सेल, आकडे त्या किमतीतल्या घड्याळांपेक्षा मोठे, गजर आहे, दिवा आहे. तुमच्या बजेटच्या बऱ्याच खाली बसतं. याच घराण्यातलं एई-१२००डब्ल्यूएच तरुण पोरांत फार चालतं. त्यातही सेल दहा वर्षांचा आणि पाणी १०० मीटर, पण त्या एवढ्याशा काचेत जगाचा नकाशा, खोटे काटे आणि चार प्रकारची वेळ कोंबलेली आहे. चाळिशी लागलेल्या माणसाने पहाटे त्यात आपली वेळ शोधेपर्यंत उजाडतं. आणि सगळ्यांना ठाऊक असलेलं ते स्वस्त चौकोनी एफ-९१डब्ल्यू, १९८९ पासून तसंच्या तसं विकलं जातंय. वजन २१ ग्रॅम, सेल सात वर्षं. मला ते अतिशय आवडतं आणि तरी तुम्हाला सांगणार नाही. आकडे बारीक, दिवा म्हणजे डाव्या कोपऱ्यातून एक हिरवा काजवा, आणि पाण्याचा भरवसा डुबकीचा नाही. कुणी घेतलंच तर उजवं बटण तीन सेकंद दाबून धरायचं. अस्सल घड्याळात कंपनीचं नाव उमटतं. हल्ली काही नकलाकारांनी तेही शिकून घेतलंय म्हणा.

दुकानात दोन प्रकारच्या काचा दिसतील: करड्या पाटीवर काळे आकडे आणि काळ्या पाटीवर करडे आकडे. दुसरी दिसायला रुबाबदार असते. ती घेऊ नका. ढगाळ हवेत, सावलीत, तिरक्या नजरेने त्यातलं काही वाचता येत नाही. चष्मा काढा, घड्याळ हातात घाला, दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात जा आणि हात चालताना असतो तसा लोंबकळता ठेवून नुसता थोडा वळवून बघा. वाचता आलं तर पुढचं बोलायचं. दुकानदार काचेच्या काउंटरवर ट्यूबलाइटखाली दाखवतो, तिथे सगळंच दिसतं.

काट्यांचंच हवं असेल, आणि एचएमटीची सवय असलेल्या डोळ्यांना आकडे नकोसे वाटतात हे मी समजू शकतो, तर टायमेक्सचं एक्स्पेडिशन बघा. मोठे ठसठशीत अंक, आणि चावी दाबली की अख्खी तबकडी निळसर उजळते. त्या दिव्याला ते इंडिग्लो म्हणतात, १९९२ पासूनचा. रात्री उठून वेळ बघायला याच्याइतकं सोपं काही नाही. साध्या काट्यांना लावलेलं 'रेडियम' झोपताना चमकतं, पण स्वस्त घड्याळांत पहाटे तीनला विझलेलं असतं (आणि ते आता रेडियम नसतंही, नाव तेवढं उरलंय). टायमेक्सच्या दोन खोडी आहेत. यातलं स्काउट नावाचं मॉडेल पाण्यात ५० मीटरपर्यंतचंच. चावी घट्ट बसलेली आहे ना हे बघून स्नानाला उतरावं लागेल. दुसरी, ते टिकटिक फार करतं. उशाशी ठेवलंत तर मैत्रिणी पहिल्याच मुक्कामाला तक्रार करतील. किंमत पाच हजारांच्या आत बसते का ते आधी बघा.

जी-शॉकचं कोणीतरी सुचवेलच. त्याची गोष्ट तुम्हाला आवडेल. किकुओ इबे नावाच्या कॅसिओच्या इंजिनिअरचं वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं, आणि न फुटणारं घड्याळ करायचं त्याने डोक्यात घेतलं. दहा मीटरवरून पडलं तरी शाबूत, दहा बार (म्हणजे शंभर मीटर पाण्याइतका) दाब सोसणारं, दहा वर्षांच्या सेलचं, असं ठरवून १९८३ मध्ये पहिलं बाजारात आलं. घड्याळ उत्तम, त्यात वाद नाही. पण त्यातलं साधं चौकोनीही पन्नास ग्रॅमच्या पुढे जातं, जाड असतं, पाठपिशवी चढवताना बंदात अडकतं. तुम्ही दहा मीटरवरून पडणार नाही, मग घड्याळ कशाला पडेल? तो खर्च हिमालयात दोराला लोंबकळणाऱ्यांनी करावा.

आता पिनेचं. पट्टा घड्याळाला ज्या बारीक स्प्रिंगच्या पिनेने जोडलेला असतो ती आगपेटीच्या काडीहून बारीक. बामणोलीला वासोटा किल्ल्याकडे जाणाऱ्या लाँचमध्ये चढताना माझ्या एका मित्राने कठड्याला हात घातला, पट्टा लाकडात अडकला, पिन उडाली आणि घड्याळ शिवसागर जलाशयात. आवाजसुद्धा आला नाही. लाँचवाला परतीची वेळ सांगत होता आणि हा मोकळ्या मनगटाकडे बघत होता.

यावर उपाय सोपा आहे. नायलॉनचा एकसंध पट्टा मिळतो, जो घड्याळाच्या पोटाखालून जाऊन दोन्ही पिनांवरून ओवला जातो. एक पिन तुटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकत राहतं, पाण्यात जात नाही. टायमेक्सला २० मिलिमीटरचा असा पट्टा सहज बसतो. डिजिटल घड्याळांच्या पट्ट्यांचे कान बऱ्याचदा कंपनीच्या खास आकाराचे असतात, तेव्हा नायलॉनचा पट्टा दुकानातच बसवून बघा. बसत नसेल तर मूळ पट्ट्याचाच एक जोड जादा घेऊन ठेवा. रबरी पट्टे आधी भोकांपाशी चिरतात. आठवड्यातून एकदा वाकवून बघितलं की बारीक भेग दिसते.

पुरळाबद्दल. ते बहुतेक वेळा घड्याळामुळे उठत नाही. पट्ट्याखाली अडकलेला घाम आणि अंघोळीचा साबण यांचं ते काम असतं. चालताना हात तासन् तास खाली लोंबकळतात आणि फुगतात; यवतेश्वरच्या घाटात बांगड्या घट्ट झालेल्या जाणवल्या असतील. सकाळी बरोबर बसलेला पट्टा दहा वाजता रुततो. तेव्हा एक भोक सैल करायचं, करंगळी सहज शिरली पाहिजे. स्नानाच्या वेळी पट्टाही चोळून धुवायचा, दुपारी हात बदलायचा. पुरळ फक्त बक्कल टेकतं तिथेच उठत असेल तर मात्र ते धातूतल्या निकेलचं असू शकतं. मग प्लॅस्टिकच्या बकलचा पट्टा घ्या, आणि पुरळ जात नसेल तर निघण्यापूर्वी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. एवढं करूनही त्रास झाला तर घड्याळ हातात घालायलाच हवं असं कोणी सांगितलंय? पाठपिशवीच्या खांद्याच्या बंदाला, छातीपाशी बांधा. मी एक अख्खा उन्हाळा तसाच काढलाय. डासांचं मलम लावत असाल तर त्याच्या डब्यावर 'डीट' आहे का बघा. ते प्लॅस्टिकला मऊ करतं, काच आणि पट्टा चिकट होतात. लावल्यावर हात धुवूनच घड्याळाला हात लावा.

घड्याळ दिवाळीच्या गर्दीत घेऊ नका, आत्ताच घ्या. महिनाभर अजिंक्यताऱ्यावर घालून जा, म्हणजे पट्टा कुठे काचतो, बटण पिशवीच्या बंदाने आपोआप दाबलं जातं का, ते इथेच कळेल. दर तासाला 'टीट' करणारा आवाज बंद कसा करायचा हेही शिकून घ्या. धर्मशाळेत पहाटे दोनला तो वाजला की तीस माणसं एकदम कूस बदलतात.

आणि घरी करायची एक परीक्षा. घड्याळ थोडा वेळ उन्हात ठेवून कोमट होऊ द्या, चटका बसेल इतकं नको. मग काचेवर माठातल्या पाण्याचा एक थेंब टाकून मिनिटभर थांबा आणि थेंब पुसा. काचेच्या आतून धुकं धरलं आणि ते राहिलं तर आत ओल आहे. बिल घेऊन दुकानात परत जा. काच कोरडी दिसली तर ठीक. नवं घड्याळ नापास होत नाही सहसा, पण राजवाड्याकडचा तो दुकानदार जे विहिरीत बुडवायला सांगत होता, त्याच्यावर हा प्रयोग त्याच्यासमोर करून बघायला मला फार आवडलं असतं.

हिशेब केलात तर डब्ल्यू-८००एच आणि जादा पट्टा घेऊनही पाच हजारांतले बरेच उरतील. त्यातून पट्ट्याच्या मापाच्या चार-सहा पिना घ्या, दहा-वीस रुपयांचं काम आहे, आणि दुकानदाराकडून पिन बसवायची रीत एकदा स्वतःच्या हाताने करून घ्या. जाड सुईच्या टोकाने ती दाबता येते. पिना सुईदोऱ्याच्या डबीतच ठेवा आणि डबी पिशवीच्या वरच्या कप्प्यात.